चरवीभर पाणी, एकशे नव्वद पावलं

बोरगव्हाणची गढी बघायची असंल तर परंड्याहून कुर्डुवाडीला जाणाऱ्या एसटीत बसायचं आणि फाट्यावर उतरायचं. तिथनं अर्धा तास चालत. वाटंत सावली न्हाय, पाण्याची बाटली संग ठेवायची. गढीत बघण्यासारखं काय हाय असं गावात इचारलं तर माणसं दोनच गोष्टी सांगतात. एक हमाम, म्हंजी जुन्या सरदाराचं न्हाणीघर. आणि दुसरी सरुबाई.

दोन्हीतली एक बघून माघारी गेलात तर तुमचं तिकीट वाया गेलं असं समजा.

सरुबाई चंदनशिवे. वय अठ्ठावन्न. अंगानं काटकी, आवाज मातूर भरलेल्या रांजणासारखा. हमामात शिरताना ती चप्पल भाईर काढती. लोकांना वाटतं देवाधर्माचं काहीतरी असंल. तसं काय न्हाय. फरशीखाली पाणी कुठवर आलंय ते तिला तळपायाला कळतं, म्हणून काढती.

हमाम दाखवायची तिची एक तऱ्हा हाय. गढीच्या वरच्या अंगाला विहीर, विहिरीला लागून दगडी हौद. हौदाच्या बुडाशी एक तोंड हाय, तिथनं भाजक्या खापराचा नळ निघतो, भिंतीच्या पोटातनं, फरशीच्या खालनं, वळणं घेत घेत पार शेवटच्या गरम खोलीत जातो आणि दगडी तोटीतनं भाईर पडतो. सकाळी आल्या आल्या सरुबाई एक घागर नळाला पाजती. कोरडा नळ पाणी पितो, पुढं जाऊ देत न्हाय. मग लोकं आली की हौदाच्या तोंडात एक चरवी पाणी ओतायचं, त्यात अबोलीचं एक फूल सोडायचं, आणि चालायला लागायचं. ती वरनं चालती, पाणी खालनं चालतं. ती बोलत राहती. थंड खोली, चूलखोली, गरम खोली. एकशे नव्वद पावलं. शेवटच्या पावलाला तिचं शेवटचं वाक्य येतं, आणि वाक्य संपायला आणि तोटीतनं पाणी पडायला एक गाठ पडती. पाण्यावर अबोलीचं फूल.

माणसं येडी होतात. शिकलेली माणसं टाळ्या वाजवतात. एकदा एक रिटायर इंजिनिअर तोटीत बोट घालून बसला होता, आत मोटार हाय का म्हणून.

लई वर्षांपूर्वी ती घागर ओतायची. तवा तिचे पाय पळायचे आणि पाणीबी पळायचं. गुडघे कुरकुरायला लागले तशी घागरीची कळशी झाली. आता चरवी. पाणी कमी ओतलं की ते हळू येतं. वय झालं तसं तिनं भांडं बदललं, पण पाण्याला कधी ताटकळत ठेवलं न्हाय.

हे तिला कुणी शिकवलं न्हाय. ही गोष्ट शहाऐंशीच्या दुष्काळातली. रोजगार हमीवर गढीतला गाळ काढायचं काम निघालं होतं. सरुबाईच्या लग्नाला सहा महिनं झालेले. नवरा पिराजी त्याच कामावर. पण घर भरलेलं, सासू-सासरे, दीर, नणंदा, त्यामुळं नवरा-बायकोचं धड चार शब्द बोलणं न्हाय. त्या काळात माणूस बायकोला नावानं हाक मारत नव्हता. "अगं ए", न्हायतर नुसतं खाकरायचं. पिराजी खाकरणाऱ्यातला. फक्त एक करायचा, बाजाराच्या दिवशी गुपचूप अबोलीचा गजरा आणून भाकरीच्या दुरडीत ठेवायचा.

कामावर प्यायच्या पाण्याचा एक रांजण असायचा. बौद्धवाड्यातल्या बायांनी त्याला हात लावला की कुरकूर व्हायची. तोंडावर कुणी बोलत नव्हतं, पण रांजणाजवळची बाई उगंच ओगराळं उचलून धरायची, वरनं ओतायला. सरुबाईला ते वरनं ओतलेलं पाणी नगं होतं. ती घरनं आपला तांब्या भरून आणायची.

त्या दिवशी हौदातला गाळ काढताना तिच्या खोऱ्याला खापर लागलं. हातानं माती काढली तर भोक. हात बरबटले होते म्हणून तिनं तांब्यातलं पाणी हातावर घेतलं, वाकताना केसातलं एक फूल सुटलं, आणि पाणी आणि फूल दोन्ही त्या भोकात गेलं. ती बघत राहिली. तांब्या अख्खा ओतला. तोबी गेला. मग शेजारणींचे पाच-सहा तांबे एकामागनं एक मागून घेतले, तेबी गेले. बाया हसायला लागल्या, "पाताळाला पाणी पाजती का गं?"

बराच येळ गेला. ती परत पाट्या उचलायला लागली होती. आणि गढीच्या दुसऱ्या टोकाकडनं, जिथं पुरुष गाळ काढत होते, तिथनं एक आवाज आला. सगळ्या कामानं ऐकला. मुकादमानं ऐकला, सासऱ्यानं ऐकला.

"सरू! आलं गं, आलं!"

पिराजीनं फूल वळखलं होतं.

दीडशे माणसांत बायकोचं नाव घेतलं म्हणून गावात महिनाभर त्याची टिंगल झाली. पोरं त्याला बघून "आलं गं, आलं" वरडायची. सरुबाई लाजून चूर झाली आणि मनातनं एवढी फुगली की रात्री भाकरी गेली न्हाय.

ध्यानात घ्या, ज्या नळाचं पाणी सरदाराच्या डोक्यावर पडायचं, तो नळ पुन्हा वाहिला तो चंदनशिव्याच्या सुनेच्या तांब्यातल्या पाण्यानं. ओगराळं उचलून धरणारी बाई तवा कुठं होती, इचारा तिला.

पिराजी पुढं गढीवर रोजंदारीनं राखणदार झाला. झाडलोट सरुबाईची. लोकं यायला लागली तशी ती फेरी दाखवायला लागली, शेवटच्या पावलाला पिराजीची हाक सांगायची, आणि पाणी यायचं. पिराजी तिथंच दारात बिडी वढत उभा असायचा, मान खाली घालून. नऊ वर्षं झाली त्याला जाऊन. ती फेरी घेती, हाक तीच मारती. "सरू, आलं गं, आलं." आपलंच नाव आपल्याच तोंडानं. दिवसातनं तीन-चार बारी. त्या हाकंशिवाय तिला अजून कसला पिराजी उरला होता? फोटो एकच, तोबी रेशनकार्डाचा.

गेल्या हिवाळ्यात पुरातत्त्व खात्याचा कागद आला.

कागद वाचला बब्रुवाननं. बब्रुवान म्हंजी पिराजीचा पाठचा भाऊ, सरुबाईचा दीर. ग्रामपंचायतीचा मेंबर, एक पाण्याचा टँकर आणि अंगात कामाची हौस, जे कुणी सांगितलेलं नसतं त्या कामाची जास्त.

"वैनी, ऐका. एक तारखेपास्नं वळखपत्राशिवाय कुणालाबी लोकांना आत फिरवता येणार न्हाय. गाईडची जागा एक. शिक्षण..." तो थांबला.

"शिक्षण काय?"

"दहावी."

"म्या चौथी नापास."

"ते मला म्हाईत हाय, कागदाला कुठं म्हाईत हाय?" बब्रुवान म्हणला. "मोठ्या मॅडम येणारेत बघायला. दोघांची फेरी बघून शिफारस करणार, अट ढिली व्हती का बघू. तुमची आन रणधीरची."

रणधीर कळंबचा. इतिहासात एम.ए., वर गाईडचा कोर्स केलेला. दोन महिन्यांपूर्वी गढीवर फेऱ्या दाखवायला आला होता. पोरगा वाईट न्हाय. वाईट असता तर बरं झालं असतं, दोन शिव्या घालून मोकळं होता आलं असतं. सकाळी दोन चहा आणायचा, एक तिला द्यायचा.

"मावशी, तुम्ही साल सांगत जा की. सरदाराचं साल, बांधकामाचं साल."

"साल सांगितल्यावर पाणी लवकर येतं का रं?"

"तसं नाही, पण लोकांना माहिती पाहिजे."

"मग तू सांग साल. म्या पाणी सोडते."

त्यानं एक बोर्डबी बनवला होता. पांढरा, निळ्या अक्षरांचा, नकाशासकट. जुन्या भिंतीला ड्रिल मारायची बंदी, म्हणून त्यानं इमानदारीनं ड्रिल मारलं न्हाय. थंड खोलीच्या भिंतीत रुपयाएवढं एक भोक आयतंच होतं. त्यात त्यानं लाकडाची खुंटी घट्ट ठोकली आणि बोर्ड अडकवला. सरुबाईनं बोर्ड बघितला, "झ्याक झालाय" म्हणली. मागं काय हाय ते तिनं बघितलं न्हाय. तिला वाटलं पोरानं कुठंतरी फटीत खिळा घातला असंल.

मॅडम आल्या संक्रांतीच्या आधल्या शुक्रवारी. राजेश्वरी मॅडम. पिकलेले केस, पायात बूट, बोलणं मऊ. संग परंड्याच्या कॉलेजची बावीस पोरंपोरी, त्यांची सहल होती तीच फेरीला धरली. आधी रणधीरची फेरी झाली. काय चुकलं न्हाय. साल सांगितलं, चुना कसा मळायचे ते सांगितलं. पोरं निम्मी ऐकत होती, निम्मी मोबाईलमधी. मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं.

"आता मावशी, तुम्ही."

सरुबाईनं चरवी उचलली, अबोलीचं फूल घेतलं आणि सगळ्यांना घेऊन वर हौदाकडं गेली. सकाळची घागर पाजायचं काम आज बब्रुवाननं आपणहून अंगावर घेतलं होतं, त्यामुळं ती वर आलीच नव्हती. तिथं गेली आणि जागच्या जागी थांबली.

हौद गच्च भरला होता. काठोकाठ. काठावरनं पाईप लोंबत होता आणि पलीकडं बब्रुवान, धुतलेलं धोतर, डोक्याला फेटा, लग्नातल्या मामासारखा उभा.

"भावजी, ह्ये काय?"

"पाच हजार लिटर," बब्रुवान हळूच म्हणला. "पहाटंच सोडलं. मॅडम एवढ्या लांबनं आल्यात, त्यांना चरवीभर पाणी दाखवायचं? आपली काय इज्जत हाय का न्हाय? धबधबा पडंल बघा वैनी, धबधबा!"

"तुमाला कुणी सांगितलं व्हतं?"

"सांगाय कशाला लागतंय? घरचं काम."

ह्या माणसानं पहाटं थंडीत उठून आपल्या डिझेलनं आणलेलं पाणी, त्याला काय बोलणार? तिनं फूल हौदात सोडलं. एरवी ते गपकन आत जायचं. आज ते वर तरंगत राहिलं, इकडनं तिकडं. तिनं त्याच्याकडं एकदा बघितलं आणि चालायला लागली. चाळीस वर्षांची सवय, पाय आपोआप निघाले. बब्रुवान मातूर धबधबा बघायला धावत पुढं गरम खोलीत जाऊन बसला.

ती बोलत होती ते नेहमीसारखंच. विहिरीवर बैल कसे चालायचे. थंड खोलीत सरदार कसा बसायचा. सारा मागायला वरनं माणूस आला की सरदार हमामात शिरायचा आणि तो माणूस जाईस्तवर निघायचाच न्हाय. "तीन तीन दिस न्हायचा म्हणत्यात. अंगाच्या सुरकुत्या पडल्या पण पैसा दिला न्हाय." पोरं हसली. मोबाईल खिशात गेले. पण तिचं ध्यान तळपायात होतं. फरशी कोरडी लागत होती. पाच हजार लिटर वर, आणि खाली कोरडं.

चूलखोलीत मॅडम थांबल्या. तिथं फरशी एका बाजूला खचलीय आणि खालचे विटांचे बुटके खांब दिसतात. मॅडमनी मोबाईल काढला.

"मावशी, हे बघा. मागच्या वर्षी मी रोमन लोकांचं न्हाणीघर बघायला गेले होते. दोन हजार वर्षांपूर्वीचं. अगदी समुद्राच्या काठावर. आपल्या जुन्या तेर गावाचा त्या लोकांशी व्यापार चालायचा ना, म्हणून मला फार इच्छा होती."

सरुबाईनं फोटो बघितला. निळा समुद्र, मोडक्या भिंती, आणि खाली विटांचे बुटके खांब. तिनं मोबाईल हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"आगं बया, ही तर आमची चूलखोली!"

"तेच म्हणते मी. फरशीखालून गरम हवा."

"समुद्राच्या काठाला बसून आंघोळीला खारं पाणी घेत व्हते व्हय?"

"नाही, गोडं पाणी लांबून आणायचे. डोंगरातून."

"आन आता हाय का तिथं पाणी?"

"कुठलं? नुसते दगड. आमची गाईडबाई लाल छत्री उघडून पुढं, आम्ही तीस जण मागं. सगळं सांगितलं तिनं, साल, राजा, किंमत. पण पाणी कुठंच नव्हतं."

"मग न्हाणीघर कशावरनं म्हणायचं?" सरुबाई म्हणली आणि पोरं परत हसली. ती हसली न्हाय. फोटोत बोट लावून इचारलं, "जाळ घालायचं भोक दिसतंय. राख कुठनं काढायचे?"

मॅडमनी वाकून फोटो बघितला. "ते कुणी सांगितलं नाही."

"राख काढायला माणूस आत शिराय लागतंय. ह्ये बघा आमचं भोक," तिनं भिंतीच्या बुडाची हातभर खिडकी दाखवली. "ह्यातनं सरदार कधी गेला न्हाय. जी गेली ती आमची माणसं. तिकडंबी कुणीतरी गेलंच आसंल की. त्यांची नावं लिवलीत का?"

"नाही," मॅडम म्हणल्या. मोबाईल बंद करून त्यांनी खिशात ठेवला आणि त्या भोकापाशी खाली बसून आत बघितलं, बराच येळ.

मग गरम खोली. शेवटची वीस पावलं. सरुबाईनं ती नेहमीपेक्षा हळू टाकली. बब्रुवान तोटीसमोर कट्ट्यावर बसला होता, तोंड उतरलेलं. तिनं सांगितलं, दुष्काळ, गाळ, तांब्या, फूल. रांजणाचंबी सांगितलं, एरवी सांगत न्हाय. मग शेवटचं वाक्य.

"आन हितनं माझा मालक वरडला, सरू, आलं गं, आलं."

तोटी कोरडी.

बावीस पोरं तोटीकडं बघत होती. एकानं घसा खाकरला. मागं कुणीतरी फिस्सकन हसलं आणि कुणीतरी त्याला कोपर मारलं. बब्रुवान म्हणला, "वैनी, दम धरा, पाच हजार लिटर हाय, कुठं जातंय!" पण त्याचा आवाज बारीक झाला होता.

सरुबाई भिंतीजवळ गेली आणि भिंतीला कान लावला. आतनं आवाज येत होता, पोटात वारं धरल्यावर येतो तसा. गुडगुड, मग गप. मग गुडगुड. ती भिंतीच्या कडंकडंनं मागं सरकत गेली, कान लावत, चूलखोलीतनं थंड खोलीच्या दारापर्यंत. तिथं आवाज मोठा होता. तिनं मान वर केली तर समोर पांढरा बोर्ड.

तवा तिला सगळं उमगलं. चरवीभर पाणी नळाच्या बुडाशी सरकतं, वरच्या मोकळ्या जागेतनं वारं माघारी जातं. टँकरचं पाणी नळ गच्च भरून आलं. पुढं नळाच्या खोलगट वळणात जुनं पाणी साचलेलं, मधी कोंडलेल्या वाऱ्याला जायला वाट पाहिजे. ती वाट बांधणाऱ्यानं तवाच ठेवली होती, रुपयाएवढी, थंड खोलीच्या भिंतीत. त्या वाटंत आता लाकडाची खुंटी होती आणि खुंटीवर रणधीरचा बोर्ड.

रणधीर मागंच उभा होता. त्याला काय कळलं नव्हतं. मॅडम दारात होत्या, वही हातात.

नुसतं बोट दाखवलं असतं तरी काम झालं असतं. "मॅडम, ह्या पोराच्या बोर्डानं नळ मारला." संपला असता रणधीर. वळखपत्राची एक जागा, आणि दुसरा माणूसच उरला नसता. ती तेवढी भोळी न्हाय, तिला हे त्याच क्षणी कळलं होतं. पण रोज सकाळी दोन चहा आणणारा पोरगा, त्याला बावीस पोरांसमोर उघडं पाडायचं? हे तिच्यात बसत न्हाय. ओगराळं उचलून धरणाऱ्यांनी तसं केलं असतं.

"रणधीर," ती म्हणली, "तुझा बोर्ड राहिलाच की रं. वाचून दाखव मंडळींना."

रणधीर गोंधळला. पण वाचला. नकाशा, साल, सगळं. वाचताना त्याचा आवाज सुधरत गेला.

"झ्याक. आता जरा खाली काढ आन उजेडात धर. नकाशा दिसंना मागच्यांना."

त्यानं बोर्ड काढला आणि दाराच्या उजेडात धरला. सगळी पोरं तिकडं वळली. सरुबाईनं खुंटीला हात घातला. ठोकलेली होती मजबूत. तिनं चरवीचा काठ खाली लावून एक हिसका दिला, दुसरा दिला. खुंटी निघाली.

भोकातनं वारं आलं. आधी सुस्कारा, मग शिट्टी, ओल्या मातीचा वास. कितीतरी वर्षांचा कोंडलेला श्वास भिंतीनं सोडावा तसा. सगळे परत भिंतीकडं वळले. शिट्टी बारीक होत गेली, आणि भोकाच्या कडंला पाण्याचा एक थेंब आला.

आणि दुसऱ्या टोकाकडनं, गरम खोलीतनं, आवाज आला.

"वैनी! आलं, आलं!"

बब्रुवान. तो एकटाच तिथं बसून राहिला होता, पडलेलं तोंड घेऊन. पण भिंती मधी, चूलखोली मधी, तिथनं घुमून आलेला तो आवाज बब्रुवानचा राहिला नव्हता. भाऊ-भाऊ एका आवाजाचे होते हे सरुबाईच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. बब्रुवान सारखा बडबडणारा आणि पिराजी खाकरणारा, आवाज जुळवून बघायला येळ कधी आली? चाळीस वर्षं ती तोटीपाशी उभी राहून हाक सांगत आली होती. नळाच्या ह्या टोकाला उभं राहून तिनं ती त्या एका दिवसानंतर कधी ऐकली नव्हती.

ती तिथंच खाली बसली, खुंटी हातात. रडली न्हाय. तोंडाला पदर लावून बसली.

पोरं पळत गरम खोलीत गेली. धबधबा खराच पडत होता, बब्रुवानचा फेटा भिजला होता. हौदातलं पाणी भोवरा धरून फुलासकट खाली वढलं गेलं असणार. "फूल आलं, फूल आलं!" कुणीतरी वरडलं.

थंड खोलीत तिघंच राहिले. रणधीर भोकाकडं बघत होता, मग तिच्या हातातल्या खुंटीकडं.

"मॅडम," तो म्हणला, "ती खुंटी माझी. मीच ठोकलेली. मला वाटलं आयतं भोक आहे."

"गप की रं," सरुबाई म्हणली. "इचारलंय का कुणी?"

"मावशींना माहीत होतं. त्या बोलल्या नाहीत."

मॅडमनी वही मिटली. "मला दिसलं," एवढंच म्हणल्या.

जाताना त्या हौदाच्या काठावर सरुबाईशेजारी बसल्या. खोटं काय बोलल्या न्हाईत. "दहावीचा नियम मला मोडता येत नाही, मावशी. गाईडच्या जागेवर रणधीरचंच नाव जाईल. पण हमामाच्या देखभालीची एक जागा रिकामी आहे. तिला शिक्षणाची अट नाही. तिचं कार्ड गळ्यात असलं की आत यायला तुम्हाला कुणी अडवू शकत नाही."

"आन बोलायला?"

"देखभाल करताना गप्प बसावं, असं कुठल्याच कागदात लिहिलेलं नाही."

सरुबाईनं चरवी मांडीवर घेतली. "पाणी सोडणं देखभालीत येतं का?"

"नळ चालू ठेवणं म्हणजेच देखभाल."

"मग झालं."

बब्रुवान ओला फेटा पिळत आला. "बघितलं का वैनी? म्हणलं व्हतं ना, धबधबा!" झालेलं त्याला अजून कुणी सांगितलं नव्हतं, आणि पुढंबी कुणी सांगितलं न्हाय. "परत कोण मोठं आलं तर सांगा. दोन टँकर टाकतो."

"टँकर नगं, भावजी," सरुबाई म्हणली. "तुमी नुसतं येत जावा. हितं बसायचं, तोटीपाशी."

"नुसतं बसून काय करू?"

"पाणी आलं की सांगायचं."

कार्ड फेब्रुवारीत आलं. हिरव्या दोरीचं. पाणी ओतताना भिजू नये म्हणून ती ते पोलक्यात खोचती, त्यामुळं ते कुणाला दिसतच न्हाय. रणधीरचा बोर्ड आता लोखंडी स्टँडवर उभा हाय, भोकापासनं चार हात लांब. त्यात खाली एक ओळ नवी हाय, राख काढायच्या भोकाची. ती मॅडमनी पाठवली.

रविवारी या, मी सांगतो तसं बघा. पंधरा-वीस माणसं असतात. बब्रुवान धोतर सावरत गरम खोलीत जाऊन बसतो, टँकर ड्रायव्हरच्या हवाली करून. सरुबाई हौदाच्या तोंडात चरवी ओतती, फूल सोडती. रणधीर साल सांगायला उभा राहतो, आणि सांगता सांगता रंगतो, बुऱ्हाणपूर, विजापूर, अहमदनगर, पाय जागचे हलत न्हाईत.

सरुबाई चार पावलं पुढं गेलेली असती, अनवाणी.

"बोलत बोलत चाल रं पोरा," ती मागं न बघता म्हणती. "खाली पाणी निघालंय."